म्हशी कुणी आत घेतल्या?

आमच्या गावचे तलाठी मुजावर भाऊसाहेब यांना, पूर ओसरून शाळा पुन्हा भरली त्याच सोमवारी सकाळी, निलंबित केलं. का, म्हणून विचारायला आम्ही गावकरी तालुक्याला गेलो, तर उत्तर मिळालं : वरून आदेश आहे.

या शब्दांची भाऊसाहेबांना भयंकर चीड. "वरनं म्हंजे कुठनं? माळ्यावरनं?" असं विचारायचे. कुणाचं काम होणार नसलं तरी तोंडावर सांगायचे, "मी न्हाय म्हणतोय." शिव्या खायच्या त्या स्वतःच्या नावानं, हा हट्ट. गावानं नावच पाडलं होतं, 'मी-सांगतोय भाऊसाहेब'.

पुरात शाळेत फक्त माणसं घ्यायची, असा आदेश होता. पाणी उंबऱ्याला लागलं तरी शेवंताकाकू गाभण चंद्रीचं दावं धरून गोठ्यात बसलेली. म्हैस नाही तर मीही नाही. तिचं बघून अख्खी गल्ली हलेना. कमरेएवढ्या पाण्यातून आलेले भाऊसाहेब वाद घालत बसले नाहीत. "चंद्रीला घ्या, काकू. वर्गात बांधू. मी सांगतोय." हेडमास्तर आडवे आले, त्यांनाही तेच ऐकवलं. म्हशी पुढं, माणसं मागं, अशी गल्ली निघाली. गोठे पडले तेव्हा आत कुणी नव्हतं.

नंतर शाळा बघवत नव्हती. म्हशींनी बाकं मोडलेली, फरशी उखडलेली. पोरं अजून व्हरांड्यात बसतात. मी भाऊसाहेबांचं कौतुक करायला गेले, तर म्हणाले, "बरोबर केलं म्हणू नगंस, पोरी. पोरांचं नुकसान माझ्यामुळं झालंय. पण दुसरं काय करायचं हुतं, त्ये मला अजून सुचंना."

मग चौकशी आली आणि गावाला माया सुटली. भाऊसाहेबांना वाचवायचं म्हणून सगळ्यांनी एकच सांगितलं : फाटक उघडं होतं, म्हशी आपापल्या शिरल्या. भाऊसाहेब तेवढे म्हणाले, मी आत घेतल्या. झालं. आता फाटक उघडं ठेवलं म्हणून ते निष्काळजी, आणि सगळ्यांपेक्षा वेगळं बोलले म्हणून वर खोटारडेही. गावाच्या मायेनं माणूस बुडवला.

ते वडगावला घरी निघाले तेव्हा काकूनं चंद्रीच्या चिकाचा खरवस एसटीत आणून दिला. डबा मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, "काकू, आता तरी खरं सांगाल न्हवं?" काकू रडली. डोळे पुसत खाली उतरली.

येत्या गुरुवारी तालुक्याला पुन्हा सुनावणी आहे. हे वाचणाऱ्या गल्लीकरांनो, तुमची म्हैस त्या वर्गात होती आणि दावं तुमच्या हातात होतं. या. उभे राहा. आत कुणाच्या सांगण्यावरून नेली ते स्वतःच्या नावानं सांगा.