बायाबाईचा पक्का हात

आसगावच्या बाजारात मासोळ्या विकणाऱ्या बायाबाईच्या उजव्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, फिकट चट्टा उठला. अशा वेळी गावाला डॉक्टर लागत नाही. मासोळी खाऊन वरून दूध पिली, म्हणून कोड फुटलं, झालं. बायाबाईला तर चहापुरतं दूधही कधी धड मिळालं नव्हतं.

तिला धास्ती एकच. कोडाच्या हातची मासोळी कोण घेणार? म्हणून ती चट्ट्यावर हळद चोपडायची. मासोळीवालीच्या हाताला हळद असली तर कोण विचारते!

एका गोष्टीचा मात्र तिला तोरा होता. बाकीच्या बाया मांगूर मासा फडक्यानं धरत, कारण त्याचा काटा लागला की हात ठणकतो. ही उघड्या हातानं धरे. म्हणे, "हात पक्का झाला माहा."

एक दिवस ती चहा पीत बसली होती. सून रंजूनं पाहिलं, तर चट्ट्यात काटा रुतलेला.

"माय, काटा घुसून हाये हातात."

"कुठी?" बायाबाई शोधू लागली.

रंजूनं काटा उपसला. म्हणाली, "मासोळी दोनी हातानं धरता. डाव्याले काटा लागला का ठणकते, मंग हाच हात काहून पक्का झाला?"

बायाबाईनं डाव्या हातानं चट्टा दाबून पाहिला. दुसऱ्या दिवशी दोघी भंडाऱ्याला दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईनं डोळे मिटायला लावले. पेनाचं टोक लागेल तिथं बोट ठेवायचं. चट्ट्याच्या भोवती बायाबाईनं बरोबर बोट ठेवलं. मग नुसतीच बसून राहिली.

"लावा ना बाई आता."

"लावून झालं, आजी."

बायाबाईनं डोळे उघडले.

"कोडात रंग जातो, पण टोचलेलं कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "शिबं असतं तरी कळलं असतं. हा कुष्ठरोग आहे. जंतूनं होतो, दुधानं नाही. गोळ्या फुकट आहेत, पण मध्येच सोडायच्या नाहीत. वेळेवर आलात, बोटं शाबूत आहेत."

बायाबाईनं हात पदराखाली घेतला. "बजारात बसू का मंग?"

"गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला होत नाही. बसा. हात मात्र रोज डोळ्यानं पाहात जा."

आता ती मांगूर फडक्यानं धरते. शेजारची रत्नमाला चिडवते, "काहून वो बाया, हात कच्चा झाला का?"

"हो. कच्चाच बरा, त्याले लागते तरी."

चट्टा अजून पुरता गेला नाही. तो पाहून एखादं गिऱ्हाईक पुढं सरकते, एखादं थांबते. हळद आता ती फक्त मासोळीला लावते.