टपाखालच्या दोन पट्ट्या

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. मामाच्या गाडीच्या टपाखाली दोन आडव्या लोखंडी पट्ट्या होत्या, त्या मी कापल्या. कापू नकोस असं सांगितलेलं असताना कापल्या आणि वरून रेग्झिन लावून झाकून टाकल्या. पुढे मामाने दोष स्वतःच्या हाताला दिला तेव्हा मी गप्प बसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. त्याच्याहून वाईट केलं. ते पुढे येईलच.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मूळ मालवणकडचा. गिरणीत कापसाच्या गाठींचा ट्रक चालवायचा. गिरणी बंद पडली तेव्हा महिनाभर घरात बसून राहिला, आणि मग एके दिवशी एक जुनी, टप गंजाने खाल्लेली गाडी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आता ह्याच गाडीवर लोकांका शिकवतलंय." गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीकडे तेव्हा नव्या कॉलन्या होत होत्या. रस्ते रुंद, गाड्या कमी. शिकवायला जागा झकास. टपावर कॅरियर, कॅरियरवर स्टेपनी आणि तिच्यापुढे 'शिका' लिहिलेला भलामोठा पत्र्याचा बोर्ड. गाडी लांबून येताना दिसली की वाटायचं, लग्नाच्या वरातीतून फुटून आली आहे.

त्याचं शिकवणं बघण्यासारखं होतं. शिकायला येणाऱ्या बहुतेक कॉलनीतल्या बायका, बँकेतले कारकून, एखादा निवृत्त मास्तर. मामा कधी ओरडला नाही. कुणी क्लच झटक्यात सोडला की हळूच म्हणायचा, "बाई, गाडी म्हणजे झोपलेलां पोर. गदागदा हलवून उठवतात काय?" आणि वळणावर त्याचा उजवा हात स्टिअरिंगच्या चाकाखालून असा अलगद लागायचा, की शिकणाऱ्याला वाटावं आपणच वळवली. तो हात मला आजही दिसतो. मनगटावर काळा दोरा, बोटं जाड, आणि स्पर्श मात्र पिकलेलं केळं उचलल्यासारखा.

आरशाच्या दांडीला त्याने एक पितळी ओळंबा टांगला होता. आजोबा गवंडी होते; दोरीच्या टोकाच्या त्या वजनाने ते भिंत सरळ आहे का बघायचे. ओळंब्यामागे कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावर एकेका बोटाच्या अंतरावर पेन्सिलच्या रेघा. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीशी एक गोल वळण होतं. तिथून काटा तीसवर ठेवून गाडी काढायची आणि ओळंबा किती रेघा सरकतो ते शेजारच्याने बघायचं. दर रविवारी. टायरमध्ये हवा किती, मागे कोण जाड माणूस बसलं होतं, सगळ्याचा हिशेब तो त्या रेघांवर लावायचा.

मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा झालो होतो. अंधेरीला फायबरच्या एका कारखान्यात लागलो होतो. पाण्याच्या टाक्या, खुर्च्या, दुकानांवरच्या पन्हळी असलं काय काय आम्ही करायचो. डोक्यात नवी हवा. म्हटलं, "मामा, ओळंब्यात दोन गोष्टी मिसळतात. वळणाचा जोर वेगळा, गाडीचं कलणं वेगळं."

"वेग तोच ना?"

"हो."

"वळण ताच ना?"

"हो रे."

"मग रेघ बदलली तर कोणामुळे? गाडीमुळेच ना? इतक्यासाठी डिप्लोमा कित्याक व्हयो, मेल्या?"

मामी आतून हसली. तो बरोबर होता. निदान एवढ्यापुरता बरोबर.

त्या पावसाळ्यानंतर टपाचा पत्रा अगदीच गेला. शिकणाऱ्यांच्या डोक्यावर पाणी पडायचं. नवा पत्रा ठोकून घ्यायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं. गाडीचं वजन जितकं वर तितकी ती वळणावर जास्त झुकते. पत्र्याऐवजी फायबरचा टप घातला तर वरचं वजन निम्म्याहून कमी, गाडी वळणावर सरळ राहील, ओळंबा कमी सरकेल, स्टिअरिंग हलकं वाटेल, गंजायचा प्रश्नच नाही. मी स्वतः करून देतो. मामाने शेजारच्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं की भाचा फायबरचा टप करतोय. अजून झाला नव्हता तोवर चार लोक बघायला येऊन गेले.

कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मी तो साच्यावर घडवला. काचेच्या धाग्याची चटई, त्यावर राळ, परत चटई, परत राळ. अंगाला अशी खाज सुटायची की रात्री आई खोबरेल लावून द्यायची. तयार झाला तेव्हा एकट्याने डोक्यावर घेऊन निघालो. रस्त्यात एक मासेवाली मावशी म्हणाली, "काय रे, होडी घेऊन खाडीकडे नाही, उलट्या दिशेला कुठं चाललास?" मी अशा ऐटीत चाललो होतो की तिलाही थांबून समजावलं.

गाडी जोगेश्वरीला एका म्हाताऱ्या चाचांच्या गॅरेजमध्ये होती. पत्र्याचं काम करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी गंजका पत्रा कापून काढला. खाली दोन पट्ट्या राहिल्या, एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत, कमानीसारख्या. चाचांनी त्यावर बोट आपटून दाखवलं. "ये दो पट्टी मत काटना. छत ढक्कन नहीं होता, बेटा. ये गाडी को पकड के रखता है."

मी मान हलवली. मला हे पुस्तकातूनही ठाऊक होतं. बॉक्सचं झाकण काढलं की बॉक्स पिळता येतो, चार भिंती असल्या तरी. परीक्षेत आकृती काढून मार्क मिळवले होते.

चाचा दुसऱ्या दिवशी गावाला गेले, लग्नाला. दहा दिवस येणार नव्हते. मी टप बसवायला घेतला आणि तो बसेना. माझा साचा एका बोटाने चुकला होता. पट्ट्यांवर टप टेकायचा आणि कडेला पन्हळीपासून वर राहायचा, बोटभर फट. तासभर मी तो इकडून दाबला, तिकडून दाबला. नवा साचा म्हणजे आणखी तीन रविवार, नवी राळ, आणि मुख्य म्हणजे मामाला सांगणं की चुकलं रे माझं. त्याने एवढंच म्हटलं असतं, "होता असां. परत कर." रागावला नसता. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, आणि त्याचीच आता जास्त लाज वाटते.

करवत घेतली आणि दोन्ही पट्ट्या कापल्या.

टप टिचकी मारल्यासारखा बसला. कडेने राळ भरली, आतून क्रीम रंगाचं रेग्झिन ताणून लावलं. असलं देखणं काम मी परत कधी केलं नाही. फायबरला कॅरियर झेपणार नव्हता, म्हणून तो, स्टेपनी आणि बोर्ड, तिन्ही काढले. 'शिका' दारांवर रंगवून घेतलं.

रविवारी टाकीच्या वळणावर गेलो. मामा चालवत होता, मी रेघा बघत होतो. पूर्वी ओळंबा पाच बोटं सरकायचा. आता साडेचार. मी ओरडलोच. मामाने गाडी थांबवली, खाली उतरला, टपावर थोपटलं, आणि मला असं जवळ घेतलं की त्याच्या शर्टाचा घामाचा वास नाकात भरला. "भाचो माझो इंजिनियर!" मामीने नारळाच्या गोड रसात बुडवायच्या खापरोळ्या केल्या. त्या अर्ध्या बोटातला बराचसा भाग कॅरियर आणि स्टेपनीचा होता, माझ्या फायबरचा नव्हे, हे मला खापरोळी खातानाच समजत होतं. पण कोण बोलतंय.

चाचा परत आले आणि मामा मला बरोबर घेऊन त्यांना कौतुकाने गाडी दाखवायला गेला. चाचांनी आत बसून रेग्झिनवरून तळहात फिरवला, पुढून मागे, एकदाच. मग माझ्याकडे बघितलं. मामा बाहेर कुणाशी तरी बोलत होता. चाचा हळू आवाजात म्हणाले, "बोल देना उसको." बस, इतकंच. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. काही वर्षांनी ते वारले.

दीड-दोन महिन्यांत मागचं दार वाजायला लागलं. मग खड्ड्यातून गेलं की ते आपोआप अर्धं उघडायचं. मामाने बिजागरी बदलली. मग त्याला दुसरंच काही जाणवायला लागलं. चाक वळवलं की पुढचा भाग वळायचा, आणि मागचा क्षणभर विचार करून यायचा. रोज शिकवणाऱ्या माणसाच्या हाताला ते कळणारच. त्याने टायर तपासले, स्टिअरिंगचे सांधे खोलून ग्रीस भरलं, अलाइनमेंट करून आणली. काही सापडलं नाही. एका रविवारी मला म्हणाला, "झिला, गाडी ऐकणा नाय. बघ रे काय ता."

मी ओळंबा लावला. वळण घेतलं. साडेचार. परत घेतलं. साडेचार.

ओळंबा गाडी किती झुकते ते सांगतो, गाडी पिळवटते ते त्याला दिसत नाही. हे त्या गाडीत बसलेल्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

"गाडी ठीक आहे मामा," मी म्हणालो.

त्याने पुठ्ठ्यावरच्या रेघा बोटाने मोजल्या. वडिलांचा ओळंबा, तो खोटं कसं बोलेल? मग स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. "म्हणजे माझोच हात गेलो."

आणि मी म्हणालो, "वय झालं की होतं थोडं असं."

तो बावन्न वर्षांचा होता.

पुढचं लवकर आटोपलं. एका शाळेतल्या बाई शिकायला यायच्या, हुशार होत्या, हात बसत आला होता. त्याच वळणावर मागचं दार सताड उघडलं, त्या दचकल्या, चाक सोडलं. मामाने चाक धरलं, पण गाडी अर्धा क्षण उशिरा आली आणि टाकीच्या कठड्याला घासली. कुणाला खरचटलंही नाही. बाई उलट हसत होत्या, "काका, तुमच्यामुळे वाचलो!" मामा हसला नाही. संध्याकाळी त्याने दारांवरचं 'शिका' टर्पेंटाइनने पुसून काढलं. मामीने विचारलं तर म्हणाला, "दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको गो. आता माका गाडी समजत नाय."

गाडी भंगारात गेली. ती नेताना मी हजर होतो, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. रेग्झिनसकट गेली.

मामाने मग एका कॉलनीत गेटवर नोकरी धरली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हाताने वाट दाखवायचा, इतकी नेमकी की लोक आरसा न बघता मागे घ्यायचे. पुढे मी गाडी घेतली तेव्हा पेढ्यांबरोबर किल्लीही त्याच्या हातात ठेवली. त्याने किल्ली कपाळाला लावली आणि परत दिली. "नको रे. तू चालव. मिया मागे बसतंय." आणि मागे बसून, वळण आलं की त्याचा उजवा हात आपोआप मांडीवरून उचलला जायचा. आरशात मला दिसायचं.

आता तो दहिसरला मुलीकडे असतो. नजर अधू झाली आहे, वाचता येत नाही. तरी नारळ तोच फोडतो. कोयत्याचा एक घाव, बरोबर दोन सारख्या वाट्या, पाण्याचा थेंब सांडत नाही. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा नातू कौतुकाने बघत होता. मामा त्याला म्हणाला, "ह्यां काय मोठां? गाडीवर माझो हात होतो तो बघूक व्हयो होतो. मग गेलो." मी समोर चहा पीत होतो. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि चहा चांगला झालाय म्हणालो.

हे लिहून माझं काम होत नाही, कारण हे तो वाचू शकत नाही. त्याचा हात गेला नव्हता, गाडी मी बिघडवली होती आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं मी मामाला, त्याच्या समोर बसून, तोंडाने सांगायचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.