टाईमकीपरचा उपवासकाळ

नंदाखाल गावच्या रुडॉल्फने आयुष्यभर दुसऱ्यांचा उशीर टिपून पोट भरलं. अंधेरीच्या एका कारखान्यात तो टाईमकीपर होता. फाटकाशी रजिस्टर उघडून बसायचा आणि आठला दोन मिनिटं वर झाली की येणाऱ्याच्या नावापुढे लाल खूण मारायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, रजिस्टर सुटलं, खोड सुटली नाही. फादर मिस्सेला तीन मिनिटं उशिरा अल्तारावर आले, तर पहिल्या बाकावरचा रुडॉल्फ मनगट वर करून घड्याळ बघे, आणि तेही सगळ्या चर्चला दिसेल अशा बेताने.

यंदा राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, फादर कॉन्रॅडनी प्रवचनात सगळ्यांची हजेरी घेतली. "उपवासकाळात तुम्ही मटण सोडता, दारू सोडता आणि ईस्टरला दुप्पट वसूल करता," ते म्हणाले. "या चाळीस दिवसांत एकदा उतावीळपणा सोडून बघा." निम्मं चर्च वळून रुडॉल्फकडे बघायला लागलं. रुडॉल्फला वाटलं, लोक आपल्याकडे मोठ्या आशेने बघताहेत. पायऱ्या उतरायच्या आत त्याने भेटेल त्याला सांगून टाकलं की यंदा आपला त्याग सहनशीलतेचा. उपास गाजावाजा न करता करावा, हे सांगणारा शुभवर्तमानातला उतारा त्याच मिस्सेत वाचला गेला होता आणि त्यावर सगळ्यांत जास्त मान रुडॉल्फनेच डोलावली होती.

त्याग सुरू झाला. निर्मळच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत तो गप्प बसे, आणि आपण कसे गप्प बसलोय ते शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगे. रेशनच्या रांगेत चार जणांना पुढे सोडी आणि पाचव्याला त्याचं कारण ऐकवी. शेजारच्या वाडीतला धर्मा त्याचे नारळ पाडून द्यायला दोन तास उशिरा आला, तेव्हा रुडॉल्फ ओरडला नाही. त्याने धर्माला माडाखाली बसवून क्षमेवर बोलायला घेतलं.

"रुडॉल्फ, तुझी शिवी परवडली रे बाबा," धर्मा कोयता उचलत म्हणाला. "ती एका मिनिटात संपायची."

आता हा पुण्यात्मा घरी कसा वागत होता, तेही सांगायला हवं. त्याच्या बायकोला, नातालीनला, गणपतीच्या सुमारास लकव्याचा झटका आला होता. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण जीभ मागे राहिली. मनात सगळं लख्ख असायचं, शब्द मात्र एकेक करून, अडखळत यायचे. वाणीचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "शब्द त्यांचा त्यांना काढू द्या. कुणी पुरवू नका." रुडॉल्फने हे ऐकलं, पटलं म्हणाला, आणि त्याच दुपारपासून पुरवायला लागला. नातालीनने तोंड उघडायचा अवकाश, हा वाक्य संपवून मोकळा. बिचारी कंटाळून मान हलवायची आणि जे येईल ते घ्यायची. यालाच तो सेवा समजत होता, याचा मला खरोखर राग येतो.

आणि ही नातालीन कोण, तर गेली तीस वर्षं वाडीतली रोझरी सांगणारी बाई. माळेचे पाच भाग, प्रत्येकात दहा 'नमो मरिया'. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणून ती पुरी करायची. कुणाचं लग्न असो की मयत, माळ नातालीनच्या हातात. झटक्यानंतर माळ आपोआप रुडॉल्फकडे आली आणि त्याने पाव तासाची रोझरी दहा मिनिटांवर आणली.

उपवासकाळाच्या चौथ्या शुक्रवारी वाडीची प्रार्थना त्यांच्या घरी होती. नातालीनच्या मनात एकच होतं, पाचवा भाग आपण म्हणायचा. सून रोवेना रोज दुपारी सासरा झोपला की स्वयंपाकघराचं दार लोटून तिच्याकडून तयारी करून घेत होती. दहापैकी दहा पुऱ्या झाल्या त्या दिवशी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. चारचौघांत जमलं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही, असं नातालीनने खुणेनेच सांगून टाकलं होतं.

शुक्रवारी वीसेक माणसं जमली, फादर कॉन्रॅडही आले. आधी रुडॉल्फने सहनशीलतेवरचा आपला अनुभव सांगितला. तो पंचवीस मिनिटं चालला. मग माळ सुरू झाली, चार भाग झरझर उरकले आणि रोवेना म्हणाली, "पाचवा मम्मी म्हणणार."

नातालीनने सुरुवात केली. "न...मो..." घर कान देऊन ऐकायला लागलं. ती निम्म्यावरही पोचली नव्हती तोच रुडॉल्फने खणखणीत आवाजात उत्तर सुरू केलं आणि सवयीने सगळ्यांनी त्याची री ओढली. तिचे शब्द त्या गलक्यात बुडाले. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून लागली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने माळ मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"थकली ती," रुडॉल्फ मायेने म्हणाला. "द्या इकडे, मी पुरं करतो." त्याने हात पुढे केला.

नातालीनने माळ डाव्या मुठीत आवळली. "मा...झं..." ती म्हणाली. रुडॉल्फचं तोंड उघडलं. रोवेनाने सासऱ्याकडे असं बघितलं की ते तसंच उघडं राहिलं. "...सं...पलं... नाही."

अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात रुडॉल्फने तिचं वाक्य शेवटपर्यंत बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. आपण घरातही आजवर कुणाच्या नावापुढे लाल खुणा मारत आलो, ते त्याला त्या तीन शब्दांत कळलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने हात मागे घेतला.

त्या दहा 'नमो मरियां'ना पाऊण तास लागला. चहा दोनदा तापवावा लागला. रुडॉल्फ खालचा ओठ दाताखाली धरून बसला होता, आणि प्रत्येक वेळी तिचा शेवटचा शब्द पुरा झाल्यावरच, सगळ्यांच्या मागून, हळू आवाजात उत्तर देत होता. शेवटच्या आमेनला नातालीन घामाने भिजली होती आणि हसत होती.

माणसं पांगल्यावर ती त्याच्याकडे बघून काहीतरी सांगायला लागली. रुडॉल्फने खुर्ची तिच्यासमोर ओढली, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बसला. बराच वेळ गेला. रोवेनाने कप गोळा केले, विसळले, पालथे घातले.

"भा...षण," नातालीन म्हणाली, "फार... लां...ब... झालं."

रोवेनाला ओट्यापाशी हसू फुटलं. रुडॉल्फला यावर चांगलं खणखणीत उत्तर सुचलं होतं. अख्ख्या उपवासकाळात त्याने खरा त्याग केला तो त्या उत्तराचा.