दीड मिनिटाचा आकडा

१६ मे, शुक्रवार. रक्कम वीस हजार रुपये, अनामत म्हणून. हजर: मी, पत्नी, मुलगी आणि भंडाऱ्यातला दुकानदार.

टेबलावर दोन संगणक होते. एक पातळ लॅपटॉप, एकसष्ट हजारांचा. दुसरी डेस्कटॉपची काळी पेटी, साडेचोपन्न हजारांची. तिला लागणारा पडदा, म्हणजे मॉनिटर, आमच्याकडे जुना होता.

मुलगी ड्रोनने काढलेले फोटो जोडून गावतलावांचे नकाशे करते. एका तलावाचे तीन-चारशे फोटो असतात आणि ते जोडताना प्रोसेसर सलग काही तास पूर्ण जोराने चालतो. नागपूरच्या एका ठेकेदाराने तिला तीस तलाव देऊ केले होते. अट एकच, दिवसाला दोन नकाशे. होकार किंवा नकार सोमवारी कळवायचा होता. एक तलाव चार तासांच्या आत निघाला, तरच ते जमणार होतं. नाही तर पुण्याची नोकरी होती. तिथून ती वर्षभरापूर्वी नऊ किलो वजन घालवून परत आली होती.

आधीचा लॅपटॉप मीच निवडला होता. प्रोसेसरची ताकद मोजायच्या तयार चाचण्या असतात, त्यांना बेंचमार्क म्हणतात. इंटरनेटवर त्यांच्या गुणांचे तक्ते मिळतात. मी एक तक्ता उतरवून घेतला, रुपयामागे किती गुण पडतात ते काढलं आणि सगळ्यात वरचं यंत्र आणलं. त्यावर एका तलावाला नऊ तास लागत. मार्चमध्ये मुलीने माझ्यासमोर फोन केला आणि हातातलं काम परत दिलं. "सर, माझ्याकडून नाही होऊन राहिलं," ती म्हणाली. यंत्र तिने निवडलं नव्हतं, तरी दोष स्वतःवर घेतला. मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो.

दुकानदाराने दोन्ही यंत्रांवर तीच चाचणी लावून दाखवली. लॅपटॉपला पेटीपेक्षा दीड हजार गुण जास्त पडले.

"काका, स्कोर पाहा ना. यापेक्षा अजून काय पाह्यजे तुमाले?"

"किती वेळ चालली ही चाचणी?" मी विचारलं.

"दीड मिनिट."

"माहं काम चार घंट्याचं आहे," मुलगी म्हणाली.

धान खरेदीच्या काट्यावर माझी अठरा वर्षं गेली. पोत्याच्या तोंडाशी नेहमीच वाळलेलं धान असतं. आम्ही पोकळ सळई मधोमध खुपसून नमुना काढतो. दुकानातला तो आकडा मला पोत्याच्या तोंडासारखा वाटला. मी म्हणालो, "दोन्ही घरी नेतो. तिचंच काम लावून पाहतो. अनामत ठेवा."

"कंप्युटर आहे काका, जावई नाही. इतकं कोणी पाहते का?"

"आंबे घ्याले गेले तरी पाटीच्या तळचा काढाले लावते हे," पत्नी म्हणाली. "तुमी देऊन टाका भाऊ, नाही तं इथंच संध्याकाळ होते."

तो हसला आणि दोन दिवसांसाठी द्यायला तयार झाला.

भंडाऱ्याजवळ शहापुरात आमचं घर आहे. मुलगी वरच्या खोलीत काम करते, छप्पर टिनाचं. शनिवारी तिने आंधळगावच्या एका तलावाचे आधीच घेतलेले तीनशे बारा फोटो निवडले. दोन्ही यंत्रांना तेच फोटो, तोच प्रोग्राम, त्याच सेटिंग्ज. घड्याळ आणि कागद माझ्याकडे. नजर ठेवायला मी एकटाच, म्हणून एकामागून एक लावायचं ठरलं. लॅपटॉप सकाळी सहाला सुरू केला. तीन तास पंचवीस मिनिटं. पेटी जेवणं उरकून दुपारी एकला. तीन तास बावन्न मिनिटं. दोन्ही चाराच्या आत, पण लॅपटॉप सत्तावीस मिनिटांनी पुढे. शिवाय दुकानातला आकडाही तेच सांगत होता. दोन पुरावे जुळले, मला समाधान वाटलं.

"लॅपटॉप," मी जाहीर केलं. "साडेसहा हजार जास्त गेले तरी चालेल."

मुलगी कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, सकायचं धान आणि दुपारचं धान एकाच भावानं तोलता काय तुमी?"

मला लगेच कळलं नाही.

"लॅपटॉप सकायी लावला, तवा खोली थंडी होती. पेटी लावली तवा टिन तापलं होतं. दुसरा नकाशा मले दुपारीच काढाचा आहे न."

अठरा वर्षं मी लोकांना सांगत आलो की सकाळचं धान दवाने जड भरतं, ऊन लागू द्या, मग काट्यावर आणा. आणि इथे चार हात अंतरावर बसून मी तेच केलं होतं. ती बोलली नसती, तर तिला दुसऱ्यांदा चुकीचं यंत्र दिलं असतं, तेही स्वतःच्या हाताने मोजून.

रविवारी दुपारी बरोबर एकला दोन्ही यंत्रं शेजारी-शेजारी चालू केली. पहिली दहा मिनिटं लॅपटॉप पुढे होता. मग त्याचा पंखा ओरडू लागला आणि वेग उतरला. त्याचा तळ हाताला सहन होत नव्हता. बारीक अंगात उष्णता जाणार कुठे? प्रोसेसर जळू नये म्हणून आपोआप हळू होतो, असं मुलीने समजावलं. पेटी तीन तास पंचावन्न मिनिटांत मोकळी झाली. लॅपटॉपला चार तास एकेचाळीस मिनिटं लागली.

"लाईट गेली तं?" पत्नीने विचारलं. "लॅपटॉप तरी चालते."

"इन्व्हर्टर आहे," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पाच मिनिटंच उरून राहिले, बाबा."

"पाच," मी म्हणालो. "पण भर मे महिन्यातले, टिनाखालचे. यापेक्षा वाईट दिवस तुला मिळणार नाही."

सोमवारी सकाळी तिने ठेकेदाराला फोन केला. या वेळी मी बाहेर ओट्यावर होतो, आतलं ऐकू येत होतं. "हो सर, दोन होतील," ती म्हणाली.

अकरा वाजता आम्ही लॅपटॉप परत केला. दुकानदाराने बिल साडेचोपन्न हजारांचं केलं. अनामत वजा जाता चौतीस हजार पाचशे दिले. लॅपटॉप आम्ही दोन दिवस वापरला होता, आता तो नवीन म्हणून विकता येणार नव्हता, त्याचे पैसे त्याने मागितले नाहीत. मी दीड हजार पुढे केले, त्याने आधी हात मागे घेतला, नंतर घेतले. दुकानदाराला एकूण दिले छप्पन्न हजार रुपये.