अकराव्या वटवाघळाचा काप

दुपारचे अडीच वाजलेत. प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत हेमांगी शिरगुप्पे टेबलावर डोकं टेकवते आणि स्वतःला बजावते, पाच मिनिटं, फक्त पाच. दोन रात्रींचं जागरण काही तिचं ऐकत नाही. पंख्याची घरघर लांब लांब जाते. समोर संगणकावर शोधनिबंध तयार आहे. पाचच्या आत तो पाठवला, की पुढच्या महिन्याच्या मुलाखतीत तिची नोकरी कायम व्हायची आशा आहे. आठ वर्षं ती हंगामी म्हणून राबते आहे. निबंधावर नावं दोन. एक तिचं, दुसरं तिचे मार्गदर्शक मुळगुंद सरांचं. सर गेल्या दिवाळीत वारले.

ते समोरच्या स्टुलावर बसलेत.

"शिरगुप्पेबाई, माझं नाव खोडा."

रागावले की सर 'तुम्ही' म्हणायचे आणि वर 'बाई' जोडायचे. मरण येऊनही त्यात फरक पडलेला नाही. हेमांगीला भीती वाटत नाही, तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"तुमचं नाव असलं की लोक वाचतात. जिवंतपणी सही दिली नाहीत, आता तरी आड येऊ नका."

"लहान मेंदू पंख सांभाळतो, कान वळवतो. ऐकणं त्याचं काम नाही. आणि तुम्ही लिहिलंय, तो प्रतिध्वनी ऐकतो!"

"अकराव्या वटवाघळात ऐकला त्यानं. मी सुई घातली, प्रतिध्वनी वाजवला आणि पेशी बोलली, पडद्यावर विजेचे ठोके उमटले. प्रत्येक वेळी बोलली."

"बोलली. पण कुठली पेशी?"

स्टूल गुहेत आहे. चंदगडच्या जंगलातली हीच ती गुहा, जिथून त्यांनी वटवाघळं धरली होती. छताला शेकडो लटकलीत, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि हेमांगीला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. सर अंधारात जिभेनं टकटक करत पुढे निघालेत. त्यांना एकदाही ठेच लागत नाही. तिचं कपाळ मात्र कातळावर आपटतं.

"सुई लहान मेंदूतून खाली सरकवली की पुढं काय लागतं?"

आता तिच्या अंगावर तोंडी परीक्षेची काठाची साडी आहे. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. उत्तर तिला पाठ आहे.

"ऐकण्याचं केंद्र."

"वटवाघळात ते केवढं असतं?"

"चांगलंच मोठं."

"म्हणजे सुई केसभर खोल गेली, तर ते केंद्र बोलणार आणि तुम्हाला वाटणार, लहान मेंदू बोलला. काप कुठाय?"

या प्रयोगशाळेची रीत सरांनीच घालून दिलेली. प्रयोग झाला की मेंदूचे पातळ काप काचेवर चिकटवायचे, रंगवायचे आणि सुईची वाट कुठे संपली ते बघायचं. काप रंगवल्याशिवाय त्या वटवाघळाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. हेमांगीनं दहा वटवाघळांचे काप रंगवले. त्यांच्यात सुई जागेवर होती आणि पेशी गप्प होत्या. अकराव्याची काच चौदा महिने तिच्या कपाटात तशीच पडून आहे.

"फुटली ती काच. सांगितलं होतं तुम्हाला."

"खोटं सांगितलं होतंत."

"तुम्हाला माझं बरं झालेलं कधी बघवलंच नाही!" ती किंचाळते. "सात वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत. तुम्ही गेलात तेव्हा मी रडलेसुद्धा नाही!"

"मी वाटही बघत नव्हतो. रंगवा काप."

सर तिचं मनगट धरतात. नळासारखी गार बोटं. ते तिला एका बरणीकडून दुसरीकडे ओढत नेतात. बुडवा. थांबा. काढा. ती हिसडे देते, शिव्या देते, आणि तिची बोटं मात्र काच अगदी कडेनं, हळुवार धरून असतात.

"डोकं भांडतंय, हात काम करताहेत," सर खुनशी हसतात. "लहान मेंदूचं काम हे. लिहून घ्या."

"मॅडम! ओ मॅडम!"

प्रयोगशाळेच्या शेवंताबाई चहा घेऊन शेजारी उभ्या आहेत. "मगापास्नं हाका मारायला लागलेय. डोळं अर्धं मिटल्यालं, हात चाललेत, आणि मेलेल्या सरांना शिव्या घालायला लागलायसा! बरं हाय न्हवं?"

हेमांगी टेबलाशी नाही, बेसिनपाशी आहे. चार वीस झालेत. तिची बोटं पेरांपर्यंत जांभळी झाली आहेत आणि चिमटीत एक ओली काच आहे. काचेवर तिच्याच अक्षरात आकडा: ११.

नळ हाताशी आहे; धारेखाली धरली की काप धुऊन जाईल. काच खरोखर फुटली तरी विचारणारं आता कोणी नाही. शेवंताबाईंना यातलं काही कळत नाही. तिचा हात नळापर्यंत जातोही.

मग ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. लहान मेंदूच्या घड्या सुरेख उमटल्यात. त्यांच्यातून सुईची वाट सरळ खाली उतरते, कडेशी येते, कड ओलांडते आणि ऐकण्याच्या केंद्रात केसभर आत जाऊन थांबते.

"मेलात तरी पिच्छा सोडू नका माझा," ती म्हणते. रागानं तिला रडू फुटतं.

"बिघडलं व्हय काय?" शेवंताबाई विचारतात.

"नाही. काप चांगला आलाय."

ती चहा घेते आणि संगणकाकडे पाठ करून बसते, पाच वाजून जाईपर्यंत.