नामाचं तोंड

नामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला सावेडीच्या घरात भाजी निवडत बसलो होतो. बायको गेल्यापासून ते काम माझंच. भाजी तशीच टाकली आणि पाथर्डीची एसटी धरली. नामा माझा जुळा भाऊ... पण हे असं सरळ सांगायची सोय आम्हाला कधी नव्हती. आम्ही तान्हे असतानाच मूल नसलेल्या मावशीनं मला दत्तक घेतलं. मावशीचे यजमान नगरला मास्तर. मी त्यांच्या घरात वाढलो, मास्तरच झालो. नामा जन्मभर ऊस तोडत राहिला. नाक तेच, हसणं तेच, म्हातारपणी साखरेची गोळीसुद्धा दोघांना बरोबरच लागली. एकदा गंमत म्हणून मी त्याची टोपी आणि मळकं धोतर घालून पाथर्डीच्या स्टँडवर चहाला गेलो. मला "सर, बसा" ऐकायची सवय. हॉटेलवाला म्हणाला, "ए बाबा, भाईर बस." नामा पोट धरून हसला. मला काही हसू आलं नाही.

नामा गेला त्या दिवशी मला दारात पाहून बायका दचकल्या, वहिनींनी तोंड फिरवलं. नामाची लेक कर्नाटकात उसाच्या फडावर होती, तिच्या नवऱ्याचा नवा नंबर फक्त नामाच्या मोबाईलमध्ये. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नामानं दुकानदाराकडून चेहऱ्याचं कुलूप लावून घेतलेलं. नामाचा मुलगा सुरेश घुटमळत मोबाईल घेऊन माझ्यापुढं आला. मी चष्मा काढला, स्क्रीनकडे बघितलं. मोबाईल उघडला. सुरेशनं नंबर शोधून दाजींना फोन लावला.

लेक आली, मग नामाला अग्नी दिला. तिथंच भावकीतले आबा दहाव्याला कोणी कोणी केस काढायचे ते सांगू लागले. माझं नाव येईना, तेव्हा मीच विचारलं.

"तुमाला न्हाई लागत, मास्तर," आबा समजुतीनं म्हणाले. "तुमी दिल्यालं पोरगं. तुमचं घर दुसरं. आज आंगूळ केली की सुटला तुमी."

आबांचं काही चुकलं नव्हतं, रीतच तशी आहे. पण मला सुटायचं नव्हतं. शेवटच्या एसटीनं परत आलो.

दहाव्या दिवशी सावेडीतल्या सलूनमध्ये गेलो आणि डोकं, मिशी सगळं काढायला सांगितलं. पोराचा हात थांबला. "सर, कोन गेलं?"

"भाऊ," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते... नामा असताना कधी जमलं नाही.

मग समोर आरशात पाहिलं. इतके दिवस तिथं नामा भेटायचा. आज बोडक्या डोक्याचा एक म्हातारा मास्तर तेवढा बसला होता.