भिंतीवरचा तेलकट पट्टा

आमच्या गावातल्या जुन्या दगडी हॉस्पिटलचं आता रेस्टॉरंट झालंय. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात टेबलं मांडलीत आणि भिंतीवरचा एक काळपट, तेलकट पट्टा काचेमागे तसाच ठेवलाय.

"ओरिजिनल आहे मॅडम," वेटर कौतुकाने म्हणाला. "आर्किटेक्टनी रंग लावूच दिला नाही. पेशंटचे नातेवाईक इथे डोकं टेकून बसायचे."

मला ठाऊक होतं. आई आत होती तेव्हा बाबा इथेच बसायचे, डोळे मिटून. शेवटी डॉक्टर बाहेर आले, तेव्हाही त्यांनी भिंतीवरून डोकं उचललं नाही.

हा डाग वाचवणाऱ्याचे खरं तर आभार मानायला हवेत. दुसऱ्या कुणी सरळ चुना फासला असता. तरी मला त्या काचेचा राग आला. ही भिंत बघायची नव्हतीच, टेकायची होती. आणि इतक्या डोक्यांत बाबांचं कुठलं, तेही कळेना.

निघताना मी काचेलाच डोकं टेकवलं. गार लागलं. बाजूला झाले तर माझ्या केसांच्या तेलाचा ठसा उमटला होता.

"असू दे मॅडम," वेटर म्हणाला, आणि त्याने तो फडक्याने पुसून टाकला.